तुघलक नेमका कुठे चुकला? दौलताबादच्या पितळी नाण्याची आणि एका हुशार सुलतानाची गोष्ट

माझे मामा सीझनला दौलताबादच्या रस्त्यावर पेरू आणि सीताफळं विकतात. मागच्या वर्षी एक जण गाडी थांबवून आला, 340 रुपयांची सीताफळं घेतली, QR कोड स्कॅन केला आणि मोबाईलची स्क्रीन मामांच्या तोंडासमोर धरली. हिरवी टिकमार्क, रक्कम, वेळ, सगळं बरोबर. गाडी गेली. संध्याकाळी हिशोब लावला तेव्हा कळलं की पैसे आलेच नाहीत. ती स्क्रीन खोटी होती.

मामा वैतागून म्हणाले, हा सगळा तुघलकी कारभार आहे. आणि मला हसू आलं. कारण मामा उभे होते तिथून तुघलकाचा किल्ला समोर दिसत होता. आणि त्या सुलतानाचंही अगदी असंच झालं होतं. फक्त खोट्या स्क्रीनशॉटच्या जागी खोटी नाणी होती, आणि फसलेला माणूस फळवाला नव्हता, तर सगळ्या हिंदुस्थानात सर्वात मोठं राज्य असलेला बादशहा होता.

आपण महंमद तुघलकाला वेडा राजा म्हणून मोकळे होतो. मीही म्हणायचो. पण त्याच्या नाण्यांबद्दल वाचायला लागलो आणि माझं मत बदललं. त्याची आयडिया वेडी नव्हतीच. आज तुमच्या खिशातली नोट त्याच आयडियावर चालते. मग तो फसला कुठे? चला, नीट बघूया.

आधी माणूस समजून घेऊ

त्याचं मूळ नाव जौना खान. वडील गियासुद्दीन तुघलक 1320 मध्ये दिल्लीच्या गादीवर बसले आणि जौना खानाला उलुघ खान हा किताब मिळाला. तरुणपणीच त्याला दक्षिणेत वारंगळवर पाठवलं. पहिली मोहीम फसली. 1323 मध्ये तो परत गेला आणि वारंगळ घेतलंच. म्हणजे एकदा हरला म्हणून सोडून देणाऱ्यातला तो नव्हता.

1325 मध्ये वडील मोहिमेवरून परत येत असताना दिल्लीजवळ त्यांच्या स्वागतासाठी बांधलेला लाकडी मंडप कोसळला आणि त्यात ते गेले. बरनी हा दरबारी इतिहासकार वीज पडल्याचं सांगतो. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी मात्र बोट मुलाकडे दाखवतो. खरं काय ते आजही वादातच आहे. पण गादीवर महंमद आला आणि पुढची 26 वर्षं त्याने राज्य केलं.

हा माणूस प्रचंड शिकलेला होता. तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, गणित, वैद्यक, फारसी कविता, सुंदर हस्ताक्षर, सगळ्यात गती. जिनप्रभ सूरी या जैन आचार्यांना त्याने दरबारात मान दिला. दुसऱ्या बाजूने तो भयंकर कठोर होता. इब्न बतूताने त्याच्या दरवाजात एकाच दिवशी दानाची खैरात आणि मृत्युदंड दोन्ही बघितले. हुशारी आणि राग एकाच डोक्यात, आणि त्या डोक्याला नाही म्हणणारं कोणी नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नाण्यांचा शौकीन सुलतान

गादीवर आल्या आल्या त्याने ज्या गोष्टींना हात घातला त्यातली एक म्हणजे नाणी. तेव्हा दिल्लीचं मुख्य नाणं होतं टंका, साधारण 11 ग्रॅमचं. आपला टांकसाळ हा शब्द टंकशाला यावरूनच आला. बांगलादेशचा टका पण त्याच घरचा.

महंमदाने सोन्याचा सुमारे 13 ग्रॅमचा दिनार काढला आणि चांदीचा सुमारे 9 ग्रॅमचा अदली. सोनं जास्त, चांदी कमी. का? कारण दक्षिणेच्या लुटीतून दिल्लीत सोनं ढिगाने येत होतं. त्यात आपल्या देवगिरीचा वाटा मोठा. 1296 मध्ये अलाउद्दीन खलजीने यादवांच्या राजधानीवर छापा घातला तेव्हापासून हे सुरू होतं. चांदी मात्र कमी पडत होती. बाजारात सोन्याचांदीचा भाव बदलला, म्हणून याने नाण्यांचं वजन बदललं. आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा बघून घेतलेला निर्णय.

लोकांनी तो फार उचलून धरला नाही. काही वर्षांत नवं वजन मागे पडलं आणि जुना टंका परत आला. पण नाणी देखणी होती. एडवर्ड थॉमस या नाणेतज्ज्ञाने 1871 मध्ये दिल्लीच्या सुलतानांवर पुस्तक लिहिलं, त्यात नाणी पाडणाऱ्यांमधला राजपुत्र अशी पदवी त्याने याला देऊन टाकली. ज्याला आपण वेडा म्हणतो त्याला नाण्यांचे जाणकार असा मान देतात.

मग तो आमच्या गावाला आला

1327 मध्ये त्याने देवगिरीला दुसरी राजधानी केलं आणि नाव दिलं दौलताबाद. आपलं शहर तेव्हा नव्हतंच. खडकी हे गाव मलिक अंबरने 1610 मध्ये वसवलं, त्याचं पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं. दौलताबाद इथून सुमारे 15 किलोमीटर, वेरूळच्या रस्त्यावर.

कारण सरळ होतं. दिल्लीवरून दक्षिण सांभाळणं अवघड. हजार किलोमीटरहून जास्त अंतर, निरोप पोचायलाच किती दिवस. म्हणून सर्व्हर मधोमध आणायचा. पण त्याने नुसतं दफ्तर हलवलं नाही, तर दरबारी, मौलवी, सूफी, त्यांची कुटुंबं, सगळ्यांना निघायला लावलं. रस्त्यात माणसं गेली. पोचलेल्यांना इथे करमेना. काही वर्षांनी त्याने परत जायची मुभा दिली.

इब्न बतूता नंतर दौलताबादला येऊन गेला. इथल्या द्राक्षं-डाळिंबांचं त्याने कौतुक केलं आणि किल्ल्याच्या तळघरातल्या तुरुंगात मांजरापेक्षा मोठे उंदीर असल्याचंही लिहून ठेवलं. आजही किल्ल्यात अंधेरी नावाच्या भुयारी वाटेत मोबाईलचा टॉर्च लावून शिरलात की अंगावर काटा येतो.

तर अशा या काळात, राजधानीचा खर्च, मोठं सैन्य, आणि खोरासानवर स्वारी करायची स्वप्नं. बरनी तर त्या स्वारीसाठी 3,70,000 स्वार नोंदवल्याचं सांगतो. पैसे पाहिजेत, आणि चांदी नाही. इथे येते ती नवी आयडिया.

टोकन म्हणजे काय?

हिजरी सन 730, म्हणजे इसवी सन 1329-30. सुलतानाने पितळ आणि तांब्याचं नाणं काढलं आणि हुकूम दिला की याची किंमत चांदीच्या टंक्याएवढी धरायची.

हे थोडं नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख इथेच आहे.

चांदीच्या नाण्याची किंमत त्याच्या चांदीत असते. राजा मेला, राज्य बुडालं, तरी वितळवून विकता येतं. टोकन नाण्याची किंमत धातूत नसते. ती असते वचनात. हे पितळ आणून दाखव, मी त्याला चांदी मानतो, असं राजा सांगतो. तुमच्या खिशातली 500 ची नोट हेच करते. कागदाची किंमत काही रुपये, बाकी सगळा विश्वास. भारतात सरकारी कागदी नोटा आल्या 1861 च्या कायद्याने. म्हणजे तुघलक त्याच्या 530 वर्षं पुढे होता.

ही कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. चीनमध्ये कुबलाई खानाने 1260 मध्ये तुतीच्या सालीच्या कागदावर नोटा छापल्या होत्या. त्यांना चाव म्हणत. त्यावर शाही लाल शिक्के, आणि नकली छापणाऱ्याला मृत्युदंड, हे नोटेवरच छापलेलं. ते चाललं.

मग इराणने कॉपी मारली. 1294 मध्ये तिथल्या मंगोल बादशहा गैखातूची तिजोरी रिकामी झाली. वजीर सद्रुद्दीनने चीनसारख्या नोटा काढायचं सुचवलं. तब्रीझ शहरात नोटा आल्या, वर चिनी अक्षरं आणि सोबत इस्लामी कलमाही. व्यापाऱ्यांनी काय केलं? दुकानं बंद. बाजारात धान्य मिळेना, लोक शहर सोडून निघाले, दंगे झाले. साधारण दोन महिन्यांत नोटा मागे घ्याव्या लागल्या.

त्यानंतर गादीवर आलेल्या गाझान खानाने उलटा रस्ता धरला. कागद बाजूला ठेवला आणि सगळ्या राज्यात चांदीच्या नाण्याचं वजन आणि शुद्धता एकसारखी केली. कुठल्याही गावच्या टांकसाळीचं नाणं घ्या, वजन तेच. आधी भरवसा, मग बाकीचं. इराणची नाणी त्याने सावरली ती अशी.

म्हणजे तुघलकासमोर दोन उदाहरणं होती. एक जमलेलं, एक फसलेलं. फरक कशाचा होता, हा प्रश्न विचारायला पाहिजे होता.

नाणं पाडायचे कसे?

याचं उत्तर हत्यारात आहे. तेव्हा यंत्र नव्हतं. एक ठसा खाली ऐरणीत घट्ट बसवायचा. त्यावर धातूची गोल चकती ठेवायची. दुसरा ठसा वरून हातात धरायचा आणि हातोड्याचा दणका द्यायचा. झालं नाणं. प्रत्येक नाणं थोडं वेगळं, कधी अक्षर बाहेर गेलेलं, कधी कड वाकडी.

आता विचार करा. ठसा कोरता येणारा कारागीर, हातोडा आणि पितळ. गावोगावी भांडी घडवणारे लोक होते, पितळ घरोघरी होतं. मग सरकारी आणि घरगुती नाण्यात फरक कोण करणार?

चांदीच्या नाण्याला ही भीती तेवढी नव्हती. नकली चांदीचं नाणं करायला खरी चांदीच लागते, मग फायदा काय? कोणी भेसळ केलीच तर सराफ होता. दगडावर नाणं आपटून आवाज ऐकायचा. खणखणीत नाणं हा शब्द आपल्याकडे उगाच नाही आला. चांदीचा आवाज हेच त्या काळचं व्हेरिफिकेशन.

पितळी टोकनचा आवाज पितळेचाच. खऱ्याचाही तोच, खोट्याचाही तोच. सराफाचा कान बाद झाला.

आणि सुलतानाने नाण्यावर काय लिहिलं होतं? एका बाजूला फारसीत, आशा बाळगणाऱ्या दास महंमद तुघलकाच्या काळात हा टंका चालू म्हणून छापला आहे अशा अर्थाचा मजकूर. दुसऱ्या बाजूला अरबीत, जो सुलतानाचं ऐकतो तो देवाचंच ऐकतो अशा अर्थाचा. मला हे वाचून खूप वाईट वाटलं. नाण्यावर सुरक्षेची खूण पाहिजे होती, तिथे आज्ञा होती. पासवर्डच्या जागी कृपया प्रामाणिक रहा असं लिहिल्यासारखं.

मग काय झालं?

जे व्हायचं तेच. एक साधा हिशोब करू, आकडे फक्त समजण्यासाठी. समजा 1 रुपयाच्या पितळेचं नाणं बाजारात 50 रुपयांना चालतं. एका रात्रीत शंभर पाडली तर 100 रुपये घालून 5,000 हातात. असा धंदा कोण सोडेल? बरनी म्हणतो घराघरात टांकसाळ झाली. बरनी नाराज माणूस होता, म्हातारपणी गरिबीत लिहीत होता, तेव्हा अतिशयोक्ती धरून चला. पण मुद्दा खरा आहे.

लोकांनी सारा भरला पितळेत. घोडे आणि शस्त्रं घेतली पितळेत. चांदी मात्र जमिनीत पुरून ठेवली. खोटा पैसा खऱ्या पैशाला बाजारातून हाकलतो, हा अर्थशास्त्राचा नियम तुम्ही ऐकला असेल. दूरचे व्यापारी आपला माल विकताना पितळ घेईनात. दिल्लीपासून लांब गेलात की ती नाणी म्हणजे नुसतं धातूचं वजन.

आणि हे एका गावात नाही. दिल्ली, दौलताबाद, लांब बंगालपर्यंतच्या टांकसाळींची नावं या नाण्यांवर आहेत. मोठ्या टंक्यासोबत छोट्या किमतीची टोकनंही निघाली. म्हणजे एकदम सगळीकडे रिलीज.

टांकसाळीच्या जगात चाचणी नाणं नावाची एक चीज असते. नवं नाणं चालू करायच्या आधी थोडे नग पाडून बघतात. ठसा नीट उठतो का, वजन बसतं का, नक्कल किती सोपी आहे. इराणनेच पुढे 1877 मध्ये, नासिरुद्दीन शाहच्या काळात, तेहरानला यंत्राची टांकसाळ सुरू केली आणि गावोगावची हातोड्याची नाणी मागे पडत गेली. यंत्राचं नाणं घरी पाडता येत नाही, कारण यंत्र घरी नसतं. तुघलकाकडे ते यंत्रही नव्हतं. त्याचं पहिलं चाचणी नाणं म्हणजे त्याची अख्खी प्रजा.

पण त्याने पैसे परत दिले

हा भाग कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

हिजरी 732 नंतर ही नाणी थांबली, म्हणजे 1332 च्या आसपास. खेळ जेमतेम तीन वर्षांचा. सुलतानाने हुकूम काढला की पितळी नाणी खजिन्यात आणा आणि सोनं-चांदी घेऊन जा. लोक पोती भरभरून आले. खरी-खोटी वेगळी करणार कशी? सगळ्यांना पैसे मिळाले. तुघलकाबादेत त्या पितळेचे डोंगर पडून राहिले असं बरनी लिहितो.

रागीट, कठोर, पण वचन पाळलं. तो म्हणू शकला असता की आजपासून ही नाणी बाद, बुडाले तुमचे पैसे. त्याने ते केलं नाही. खजिना रिकामा झाला, आणि ज्यांनी नकली नाणी पाडली तेच जास्त श्रीमंत झाले. पण ज्या साध्या माणसाने हुकूम मानून चांदीच्या बदल्यात पितळ घेतलं होतं तो तरी उघड्यावर पडला नाही. गैखातूच्या तब्रीझमध्ये नोटा मागे घेतल्या, तुघलकाने त्यावर भरपाईही दिली. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं हे सर्वात प्रामाणिक काम.

शेवटची वर्षं

खजिना एकदा गेला तो गेला. त्यात दुआबात सारा वाढवला आणि वर दुष्काळ पडला. हिमालयाकडे पाठवलेलं सैन्य बरबाद झालं. दक्षिण एकेक करून सुटत गेली. मदुराई वेगळं झालं, 1336 मध्ये विजयनगर उभं राहिलं.

नाण्यांवरचा त्याचा विश्वास मात्र तसाच. लोक मानत नाहीत असं दिसल्यावर त्याने नाण्यावरून स्वतःचं नाव काढून कैरोच्या खलिफाचं नाव घातलं. भरवसा उधार आणायचा प्रयत्न. त्यातला एक खलिफा आधीच वारला होता, आणि बातमी पोचेपर्यंत त्याच्या नावाची नाणी इथे पडतच होती.

शेवटचा घाव आपल्याकडून बसला. दौलताबादच्या सरदारांनी बंड केलं आणि 3 ऑगस्ट 1347 ला अलाउद्दीन हसन बहमन शाह तिथेच गादीवर बसला. ज्या गावाला त्याने राजधानी केलं तेच गाव त्याच्या हातातून गेलं. 20 मार्च 1351 ला सिंधमध्ये ठट्ठ्याजवळ, बंडखोरांच्या मागे फिरता फिरता तो आजारपणात वारला.

आज आपल्या खिशात काय आहे?

आता तुमच्या पाकिटातलं एक नाणं काढा. वर्षाच्या खाली बघा. छोटा हिरा असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचं. तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. मग नोट उजेडात धरा. पाण्याची खूण, सुरक्षा धागा, बोटाला लागणारी छपाई. नाशिकरोडला 1928 पासून नोटांचा छापखाना चालू आहे, आणि तिथलं सगळं कौशल्य एकाच गोष्टीसाठी आहे. घरी छापता येऊ नये. तुघलकाला जे पाहिजे होतं ते नेमकं हेच.

आणि डिजिटल रुपया? रिझर्व्ह बँकेने सामान्य लोकांसाठी तो 1 डिसेंबर 2022 ला सुरू केला तो आधी मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर या चार शहरांत, निवडक लोकांना, चाचणी म्हणून. तो सुद्धा टोकनच आहे, धातू नाही, कागद नाही. पण आधी थोड्यांना देऊन बघायचं, मग वाढवायचं. सातशे वर्षांपूर्वी हाच एक धडा कमी पडला होता.

आता मामांकडे साउंडबॉक्स आहे. पैसे आले की तो बोलतो. गिऱ्हाईकाची स्क्रीन मामा बघतच नाहीत. मी त्यांना सांगितलं की हा तुमचा सराफ आहे, याच्या कानावर विश्वास ठेवा, समोरच्याच्या स्क्रीनवर नको. तुम्हीही एवढं करा. पैसे आले की नाही ते आपल्या फोनवर, आपल्या बँकेच्या ॲपमध्ये बघा. आणि पैसे घेण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही, कोणी मागितला तर समजून जा.

पुढच्या वेळी वेरूळला जाताना दौलताबादला दहा मिनिटं थांबा. पेरू घ्या. आणि समोरच्या किल्ल्याकडे बघून त्याला वेडा म्हणायच्या आधी खिशातली नोट एकदा बाहेर काढा. ती पण फक्त एक वचनच आहे. फरक एवढाच की हे वचन तपासता येतं.